पांढऱ्या घोड्यांची दुमची

कारण सापडत नसलं की माणसं माणूस शोधतात. टेकडीखालच्या तबेल्यात असा माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. तो घरातच होता, सामानाच्या खोलीत मोडक्या स्टुलावर बसून चामडं पुसत होता, आणि त्याला सगळे आत्या म्हणत.

आत्या ही मालकाची थोरली बहीण. मालकाने पन्नाशी ओलांडली होती, पोट पट्ट्याबाहेर आलं होतं, तरी आत्या त्याला ‘बाळ’च म्हणे, कारण त्यांची आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि त्याला पायावर उभं करण्याचं काम हिच्या अंगावर पडलं. आत्याने लग्न केलं नाही, असं लोक म्हणत. खरं म्हणजे कुणी करून दिलं नाही. ती गेली तर बाळाचं आणि घोड्यांचं कोण बघणार, या प्रश्नाचं उत्तर शोधण्यापेक्षा तिचं वय वाढू देणं सगळ्यांना सोपं गेलं. पुढे बाळाचं लग्न झालं, मुलं झाली, तबेला वाढला, आणि आत्या सामानाच्या खोलीची झाली.

तबेल्याचा धंदा साधा होता. समोर टेकडी, टेकडीवर एक कठडा, कठड्याशी उभं राहिलं की खालचं तळं आणि पलीकडचे डोंगर दिसत. ते बघायला लोक लांबून येत, चढ बघून त्यांचे पाय गळत, आणि मग ते घोड्यावर बसत. चढ उभा, उतार त्याहून उभा. उतरताना खोगीर घसरून घोड्याच्या मानेवर येऊ नये म्हणून त्याच्या मागच्या बाजूने एक पट्टा काढून शेपटीखालून फिरवतात. त्याला दुमची म्हणतात. दुमची नसली तर बसलेला माणूस घोड्याच्या आधी पायथ्याशी पोचेल. पायथ्याच्या अड्ड्यावर असे चार-पाच तबेले होते, पण पांढरे घोडे फक्त बाळाकडे. लोकांना फोटोत पांढराच घोडा हवा असतो. स्वतःचं तोंड कसंही असो, घोडा पांढरा पाहिजे.

म्हणून बाळाने पांढऱ्या घोड्यांसाठी पांढऱ्या चामड्याचं सामान करून घेतलं होतं. खोगीर पांढरं, लगाम पांढरा, दुमची पांढरी. जोड एकच. एक पांढरा घोडा खाली आला की त्याच्या पाठीवरचं सामान उतरवून दुसऱ्यावर चढवायचं आणि पुढचं गिऱ्हाईक वर पाठवायचं. तांबड्या घोड्यांचं सामान तपकिरी, आणि तेही त्यांच्यात असंच फिरायचं. पांढरं तांबड्यावर किंवा तपकिरी पांढऱ्यावर कधी चढत नसे. बाळाला तो मळका सदरा घातल्यासारखा वाटे. संध्याकाळी सगळं सामान आत्याकडे येई. पांढरं चामडं लवकर मळतं, त्यातून दुमची बसते ती कुठे हे सांगायला नको. आत्या ती साबणाने धुई, सुकवी, मेण चोळी आणि खुंटीला लावी. तिच्या कामात कुणी कधी बोट ठेवलं नव्हतं, आणि कुणी कधी कौतुकही केलं नव्हतं.

पांढऱ्या घोड्यांची आई म्हणजे ढगी. ढगी जन्मली त्याच दिवशी तिची आई मेली, आणि आत्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. बाळ गमतीने म्हणे, “ताईने दोन पोरं वाढवली, एक मी आणि एक ढगी. ढगी जास्त शहाणी निघाली.” गंमत होती, तरी खोटं काही नव्हतं त्यात. ढगीच्या पोटी साय झाली, मग खडू झाला आणि सगळ्यात धाकटा कोळसा. कोळसा हे नाव त्या घरची थट्टा होती. पांढऱ्या घोड्यांची शिंगरं जन्मतात काळी, आणि वर्षं जातात तशी पांढरी होत जातात. कोळसा आता राखेच्या रंगावर आला होता, तोंड आणि पाय अजून काळे होते. त्याला खोगीर लावायचं वय नुकतंच येत होतं, आणि बाळाने त्याच्यासाठी एक मोठं गिऱ्हाईक, मोठ्या शहरातला एक बग्गीवाला, हेरून ठेवलं होतं.

ढगीच्या शेपटीखाली एक काळी, टणक गाठ होती. हरभऱ्याएवढी होती तेव्हापासून आत्याला माहीत होती. ती हळूहळू बोराएवढी झाली, शेजारी आणखी दोन आल्या, पण ढगी खात होती, पीत होती, चढत होती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग खडूच्या शेपटीखाली तशीच एक आली. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने ती खरारा करताना दाखवली, आणि बाळ म्हणाला, माशी चावली असेल. मग सायलाही आली, आणि त्या दिवशी माशीवर कुणाचा विश्वास बसेना.

आत्याची भावजय माणूस म्हणून वाईट नव्हती. तिला फक्त डोक्यात आलेलं पोटात ठेवता येत नसे. अड्ड्यावरच्या नळापाशी, चार जणांच्या देखत, ती म्हणाली, “मी म्हणते, पांढऱ्यांनाच का? तांबड्यांना एकालाही नाही. आणि गाठ येते कुठे, तर बरोबर दुमची बसते तिथे. पांढरी दुमची ढगीची खडूला, खडूची सायला. आता यात न कळण्यासारखं काय आहे?”

खरंच, न कळण्यासारखं काही नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जे पांढरी दुमची वापरत होते त्यांना गाठी, जे वापरत नव्हते ते ठणठणीत. कोळशाला अजून दुमची लागलीच नव्हती, तर तो लोण्यासारखा स्वच्छ. नळापाशी सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पुढचा प्रश्न आपोआप आला: दुमची धुतं कोण?

सगळ्यात वाईट म्हणजे, आत्यालाही ते पटलं. तिने मनातल्या मनात सगळ्या संध्याकाळी उलगडून पाहिल्या. तापाने फणफणली होती त्या दिवसांत दुमची नुसती ओल्या फडक्याने पुसली होती. एकदा साबण संपला होता. एकदा कंटाळा आला होता. एवढ्या वर्षांत एकदा कंटाळा आला, तर तोही आता तिच्या छातीवर येऊन बसला. ती दुमची उकळत्या पाण्यात घालू लागली, व्हिनेगर ओतू लागली, इतकी की चामड्याला भेगा पडल्या. भावजय दारात येऊन म्हणाली, “वन्सं, आता कशाला? साप निघून गेला, भुई धोपटून काय होणार?” आत्या धोपटत राहिली.

शेवटी बाळाने शहरातून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयाने लहान होत्या, बूट चिखलाचे, बोलणं मोकळं. त्यांनी तिन्ही घोड्यांच्या शेपट्या वर करून पाहिल्या, गाठी दाबून पाहिल्या, ओठ उलटून पाहिले, मग तांबड्यांकडेही जाऊन आल्या. आत्या भिंतीला टेकून उभी होती. शेवटी तिनेच विचारलं, “डॉक्टरबाई, दुमची मी धुते. माझ्यामुळे झालं का हे?”

डॉक्टरीणबाई हात धुता धुता थांबल्या. “मावशी, तुम्ही ती दुमची आयुष्यात एकदाही धुतली नसती तरी या गाठी आल्या असत्या. आणि रोज उकळली असती तरी आल्या असत्या.”

“म्हणजे लागत नाही?”

“हे नाही लागत. हा पांढऱ्या घोड्यांचा आजार आहे. वय झालं की पांढऱ्यांतल्या बहुतेकांना या गाठी होतात. एका तबेल्यात ठेवा नाहीतर एकाला समुद्रापार ठेवा, होतात. रंग ज्या वाटेने आईकडून लेकराकडे जातो, त्याच वाटेने हेही जातं.” मग त्यांनी हात पुसले आणि काहीही अर्धं सांगायचं नाही अशा स्वभावाच्या असल्यामुळे पुढेही बोलल्या. “गाठींची दुसरी एक जात असते, चामखिळीसारखी, कुठल्याही रंगाच्या घोड्याला होणारी. ती माश्यांमुळे किंवा सामानामुळे एकाची दुसऱ्याला जाते की नाही, यावर आमच्यातच एकमत नाही. तिथे आम्ही सांगतो, सामान वेगळं ठेवा. पण ती ही नव्हे. तुमचे तांबडे वाचले ते तपकिरी दुमचीमुळे नाही, तांबडे आहेत म्हणून वाचले.”

आत्याला रडू आलं. ती मोठ्याने रडणारी बाई नव्हती. तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. किती दिवसांचं ओझं त्या चार वाक्यांनी उतरवलं होतं. तिला वाटलं, आता बाळ नळापाशी जाईल आणि सगळ्यांना सांगेल. तिला फार नको होतं. एकदा, चार माणसांत, ‘ताईची चूक नव्हती’ एवढं त्याने म्हटलं असतं तर तिला पुढची वीस वर्षं पुरलं असतं.

बाळ मात्र वेगळाच हिशेब करत होता. त्याने विचारलं, “म्हणजे कोळशालाही होणार?”

“पांढरा होतोय ना? मग वयात आल्यावर होण्याची शक्यता बरीच. पण घाबरू नका, गाठी घेऊनही घोडे वर्षानुवर्षं काम करतात. ढगीचंच बघा. तिला काही दुखत नाहीये. सांभाळा, लक्ष ठेवा, वाढल्या तर मला बोलवा.”

“हे दुसऱ्या कुणाला सांगायची गरज आहे का?”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. “तुमचे घोडे, तुमचं तोंड. कुणी विचारलं तर मी खरं सांगेन. विचारलं नाही तर अड्ड्यावर येऊन दवंडी पिटणार नाही.” त्या गाडीत बसून गेल्या. अड्ड्यावर फुकटचा सल्ला मिळत असताना डॉक्टरला विचारायला कोण जातो.

संध्याकाळी बाळ सामानाच्या खोलीत आला. तो एरवी तिथे येत नसे. त्याला चामड्याच्या वासाने शिंका येत. दारातच उभा राहिला.

“ताई, बाई काय म्हणाल्या ते कुणाला बोललीस?”

“अजून नाही. तू सांगशील म्हणून थांबले. तुझ्या तोंडून बरं दिसेल.”

“नको सांगूस.”

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाळ आत येऊन ओट्यावर बसला. “हे बघ. लागण आहे म्हटलं तर काय होतं? दुमची जाळली, झालं. तबेला स्वच्छ. कोळशाला ती दुमची शिवलीसुद्धा नाही, म्हणजे तो एकदम चोख. आणि रक्तात आहे म्हटलं तर? दुमची जाळता येते ताई, रक्त कसं जाळू? आजवर आपण जी शिंगरं विकली त्यांचे मालक उद्या दारात उभे राहतील. बग्गीवाला कोळशाला बघायला येतोय. तो काय, आजारी रक्त घेऊन जाईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि माझं काय रे?”

“तुझं काय? तू घरचीच आहेस.”

तो हे वाईट मनाने बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं की घरच्या माणसाला दिलेला मार हा मार नसतो. आत्या हातातल्या फडक्याच्या घड्या घालत बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी असते, हे तिने ऐकलं होतं. पण संन्याशानेच फाशीचा दोर वळून द्यावा, ही मागणी नवी होती.

“मी नाही म्हटलं तर?”

बाळाने आवाज खाली आणला. “अड्ड्यावर लोक काय म्हणतात ठाऊक आहे ना? ढगीला गोळी घाला म्हणतात. जिच्यापासून सुरू झालं ती आधी जायला हवी, म्हणतात. मी अडवून धरलंय. चूक दुमची धुण्यात झाली, घोडीचा दोष नाही, असं तू स्वतः सांगितलंस की लोकांचं तोंड बंद होईल. ढगी मागच्या कुरणात राहील, मरेपर्यंत. तिला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द.”

ढगीचं नाव निघालं आणि आत्याचा विरोध तिथेच संपला. हे बाळाला ठाऊक होतं. तिच्याच मांडीवर वाढलेला होता, तिची दुखरी जागा त्याला बरोबर सापडली. ती म्हणाली, “तिला चारा मी घालणार. दुसऱ्या कुणाच्या हवाली करायची नाही.” बाळ लगेच म्हणाला, “अगं, तुझीच आहे ती.”

दोन दिवसांनी अड्ड्यावर सगळ्या तबेल्यांचे मालक जमले. बाळाने पांढरं सामान मधोमध टाकलं, रॉकेल ओतलं आणि छोटंसं भाषण केलं. घरातलं माणूस आहे, वय झालंय, नजर कमी झालीय, चुकलं. मग त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “माझ्या हातून दुमची नीट धुतली गेली नाही. घोडीचा काही दोष नाही.” दुसरं वाक्य तिने जरा मोठ्याने म्हटलं, पण तोवर चामड्याने पेट घेतला होता आणि लोक वास चुकवायला मागे सरकत होते.

त्यानंतर जे झालं त्याला छळ म्हणता येणार नाही. कुणी तिला अपशब्द बोललं नाही. फक्त, ती नळावर आली की बाकीचे आपापल्या बादल्या जरा लांब ओढून घेत. तिने एखाद्या घोड्याच्या मानेवर हात ठेवला की मालक ‘असू दे, असू दे’ म्हणत घोडा पुढे काढी. सामानाच्या खोलीची किल्ली भावजयीने हसत हसत मागून घेतली. “वन्सं, आता आराम करा. हे काम वयाचं नाही.” आणि रबरी हातमोजे घालून ती दुमच्या धुऊ लागली, पांढऱ्यांच्या नव्या आणि तांबड्यांच्यासुद्धा. तिला कुणी खरं सांगितलं नव्हतं. नवऱ्याने बायकोपासूनही मूठ झाकून ठेवली होती, आणि ही एक गोष्ट त्याने शहाणपणाची केली.

आत्या रोज सकाळी मागच्या कुरणात जाई. ढगीला चारा घाली, शेपटी वर करून गाठी बघी, आणि तिच्या कपाळावर कपाळ टेकून उभी राही. “आपल्या दोघींना ठाऊक आहे,” ती म्हणे. पण हळूहळू तेही डळमळू लागलं. लोक विचारत, ती सांगे. पुन्हा कुणी विचारी, ती पुन्हा सांगे. इतक्यांदा सांगितल्यावर तो तापाचा आठवडा, तो संपलेला साबण पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागले. एखाद्या सकाळी तिला डॉक्टरीणबाईंचे शब्द मुद्दाम आठवावे लागत. खोटं बोलणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं. आत्याच्या हातून तेवढंही निसटत चाललं होतं.

मग बग्गीवाला आला. त्याच्या बग्ग्या लांबच्या मोठ्या शहरात फिरत, आणि त्यांना पांढरेच घोडे लागत. लबाड असेल अशी आत्याची कल्पना होती, पण तसा नव्हता. कोळशाजवळ जाऊन आधी उभा राहिला, त्याला आपला हात हुंगू दिला, मगच मानेला लावला. दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी वर करून बराच वेळ पाहिलं. “स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “पण तुमच्याकडे गाठींचं काहीतरी झालं होतं, असं कानावर आलं.”

“झालं होतं,” बाळ म्हणाला. “लपवण्यासारखं काही नाही. सामानातून पसरलं. सामान जाळलं, संपलं. हा तर त्या सामानाला शिवलासुद्धा नाही. ताई, तूच सांग ना यांना.”

आत्याने सांगितलं. आता तिला शब्द शोधावे लागत नव्हते. दुमची नीट धुतली गेली नाही, माझीच चूक, घोडीचा दोष नाही.

बग्गीवाल्याने हात जोडल्यासारखं केलं. “आत्याबाई, इतक्या सरळपणाने कुणी कबूल करत नाही हो. लोक घोड्यावर ढकलतात, माशीवर ढकलतात. मला हे घर आवडलं.” बाळ हसला. सौदा जवळजवळ झाला होता. बग्गीवाला म्हणाला, घोडा महिनाभर इथेच राहू दे, नवी बग्गी तयार झाली की घेऊन जातो. जाता जाता तो कुरण बघायला मागे वळला, आणि कोळसा सवयीने त्याच्याही पुढे चालत कुंपणाशी गेला. पलीकडून ढगी आली. आई-लेकांनी एकमेकांच्या माना चाटायला सुरुवात केली.

“ही कोण?”

आत्याच म्हणाली, “याची आई.”

“गाठी हिलाच आधी आल्या होत्या ना?” त्याने विचारलं. रागाने नाही, त्याला कळेनासं झालं होतं. “अहो, मग हे काय? पट्टा लागून रोग पसरतो, तर हे नाकाला नाक लावून उभे आहेत. पट्टा जाळलात आणि रोग इथे चरायला सोडलात?”

“लांबच ठेवतो आम्ही तिला,” बाळ म्हणाला, आणि कुंपणापलीकडून ढगीने त्याचं बोलणं खोटं पाडत लेकाची आयाळ ओढली.

“माफ करा, पण ही असेपर्यंत मी घोडा घेणार नाही. बाकीच्या दोघांपासून हा लांब राहील, आईपासून राहणार नाही. आणि विकूही नका हिला. दुसऱ्याच्या तबेल्यात जाईल, तिथे पसरेल, फिरून माझ्याकडेच येईल. जिवाला वाईट वाटतं, पण लागणीचं जनावर ठेवणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय आहे. तुम्ही घोड्यांची माणसं, तुम्हाला मी काय सांगणार.”

त्याच्या बोलण्यात एक शब्द चुकीचा नव्हता. लागतं म्हटल्यावर पुढचं सगळं असंच व्हायला हवं होतं. आत्याने बाळाकडे पाहिलं. त्याने शब्द दिला होता. तो शब्द त्याच्या तोंडावर येतो का, हे ती बघत होती. बाळ कोळशाच्या पायाकडे बघत होता.

“जाईल,” तो म्हणाला. “या आठवड्यात करून टाकतो.”

“लागत नाही,” आत्या म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला होता. “लागत नाही हे. पांढऱ्या घोड्यांना वय झालं की होतंच. दुमचीने झालं नाही, हिच्याजवळ राहिल्यानेही होणार नाही. माझी चूक नव्हती. मी रोज धुवत होते. डॉक्टरबाई बोलल्या तसं, यालाही विचारा, हा उभा होता तिथे.”

बाळाचा चेहरा क्षणभर उतरला, पण तो धंद्यात मुरलेला माणूस होता. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या,” तो सावकाश म्हणाला, “सामान वेगळं ठेवा.” हे शब्द त्यांनी म्हटले होते, यात खोटं नव्हतं. मग तो बग्गीवाल्याकडे वळला. “बाटलीने दूध पाजून वाढवलीय तिने ही घोडी. तिला सहन होत नाहीये.”

बग्गीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दोन पावलं पुढे आला आणि वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसं हळू बोलला. “आत्याबाई, आत्ताच तुम्ही कबूल केलंत, केवढं मोठं मन लागतं त्याला. आता मायेपोटी शब्द फिरवू नका. चूक झाली ती झाली. ती आणखी एका जनावराच्या अंगावर जाऊ नये, एवढं बघायचं.”

“अहो, पण मी खोटं बोलले होते.”

“कोण स्वतःच्या माथ्यावर खोटी चूक घेतं हो,” तो म्हणाला. आणि आत्याला यावर काही सांगता येईना, कारण सांगायला गेलं तर भाऊ आला असता, शिंगरं आली असती, सगळं घर आलं असतं. आणि ते सगळं ऐकूनही तो मायेने मानच हलवणार, हे त्याच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं.

ठरलेल्या सकाळी जुन्या खाणीपाशी बंदूकवाला येऊन बसला. मोतद्दार ढगीला न्यायला गेला तर ती त्याच्यासोबत एक पाऊल टाकेना. बाळाने ओढून पाहिलं, तिने पाय रोवले. दोघं घामाघूम झाले, आणि मग दोघंही आत्याच्या खोलीच्या दिशेने बघत राहिले. आत्या आली. तिने मोतद्दाराच्या हातातून दोरी घेतली, कारण ढगीला ओढत, मारत नेलेलं तिला बघवणार नव्हतं. दोरी ताणावीसुद्धा लागली नाही. ढगी तिच्या खांद्याशी तोंड लावून चालू लागली.

खाणीची वाट अड्ड्यावरून जाते. घोडे, गिऱ्हाईकं, मालक, सगळे तिथे होते. त्या दोघी येताना दिसल्या तशी बोलणी थांबली. एका मालकाने टोपी काढली. नळाजवळचा म्हातारा, जो गेले कित्येक दिवस तिच्याकडे बघत नव्हता, तो पुढे येऊन म्हणाला, “मानलं आत्या तुम्हाला. चूक सगळेच करतात, पण आपल्या हाताने निस्तरणारी माणसं राहिली नाहीत आता.”

आत्या थांबली. ढगीही थांबली.

“लागत नाही हो हे,” आत्या म्हणाली.

“बरं, बरं,” म्हातारा म्हणाला, आणि सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली.